खासगी रोख्यांचे दार
अमेरिकेत जनतेला रोखे विकू पाहणाऱ्या कंपनीस १९३३ च्या कायद्यानुसार नोंदणी करून आपली माहिती उघड करावी लागते. खासगी विक्रीस सूट आहे. तिचे दार मात्र १९८२ च्या नियमांनी मुख्यतः धनिकांसाठीच उघडे ठेवले. वार्षिक उत्पन्न २ लाख डॉलरांहून किंवा मालमत्ता १० लाख डॉलरांहून अधिक, ही कसोटी. तोटा सोसू शकणाऱ्यास संरक्षण कमी लागते, हा त्यामागील विचार. परंतु पैसा आणि जाण यांची जोडी नेहमीच जमते असे नाही. वारशाने श्रीमंत झालेला अजाण मनुष्य आत जाई. ताळेबंद वाचणारा पगारदार बाहेर राही. २०१६ पासून सामान्यांना नोंदणीकृत मध्यस्थांच्या संकेतस्थळांवरून मर्यादित रक्कम गुंतवण्याची मुभा मिळाली. मात्र असे समभाग पहिले वर्षभर सहसा विकता येत नाहीत आणि पुढेही गिऱ्हाईक मिळेलच, याची शाश्वती नसते.