जुन्या मोटारीस नवे दिवे

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांस असें वाटेल कीं, हें गॅरेजमधील मिस्त्र्यानें बोलावें. रेडिओवर त्याचें काय प्रयोजन? परंतु ज्या गोष्टीचा संबंध रात्रीच्या रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांशीं येतो, ती गोष्ट केवळ मोटारमालकांची राहात नाहीं. जुन्या मोटारीच्या हेडलाइटमधला मूळचा बल्ब काढून त्या जागीं बाजारांत मिळणारा एलईडी बल्ब बसवावा कीं नाहीं, हा आपला आजचा प्रश्न होय.

ही इच्छा कां उत्पन्न होते तें प्रथम पाहूं. मारुती ८०० ही गाडी आपल्या देशांत १९८३ पासून २०१४ पर्यंत तयार होत असे. तिच्यासारख्या पुष्कळ जुन्या गाड्या अद्यापि धांवत आहेत. त्यांच्या दिव्यांचा प्रकाश पिवळसर आणि बेताचा. शेजारून एखादी नवी मोटार शुभ्र प्रकाशाचा झोत टाकीत निघून गेली म्हणजे आपण चिमणी हातांत घेऊन निघालों आहों कीं काय, असें वाटूं लागतें. दुकानदार सांगतो, “बल्ब तेवढा बदला, पांच मिनिटांचें काम.” किंमतही फारशी नसते. मोह न झाला तरच नवल.

एलईडी दिवा स्वभावतः वाईट आहे, असें मात्र मुळींच नव्हे. निळा प्रकाश देणारी एलईडी सिद्ध केल्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघां शास्त्रज्ञांस २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या निळ्या प्रकाशावर पिवळ्या तेजाचें एक द्रव्य बसविलें म्हणजे पांढरा प्रकाश मिळतो. तो थोड्या विजेंत पुष्कळ उजेड देतो, आणि उष्णतेपासून जपला तर दीर्घकाळ टिकतो. म्हणूनच २००७ सालापासून मोटारींचे कारखानदार स्वतःच हेडलाइटांत एलईडी योजूं लागले. तेव्हां दोष दिव्यांत नाहीं. प्रश्न आहे तो दिवा ज्या घरांत राहावयास जातो त्या घराचा.

हेडलाइट म्हणजे नुसता बल्ब नव्हे. बल्ब, त्यामागचा आरशासारखा रिफ्लेक्टर आणि पुढची कांच, असें तें तिघांचें एकत्र कुटुंब आहे. जुन्या छोट्या गाड्यांत बहुधा एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो. त्यांत दोन तारा असतात. एक अपरसाठीं, ६० वॅटची, आणि दुसरी डिपरसाठीं, ५५ वॅटची. प्रत्येक तार अवघी पांच-सहा मिलिमीटर लांबीची. डिपरच्या तारेखालीं पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. ती वाटी खालीं जाणारा प्रकाश अडवून धरते, म्हणून रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडतो व तेथून तो रस्त्याच्या दिशेनें खालीं वळतो. अशा रीतीनें उजेडाच्या वरच्या कांठास एक स्पष्ट सीमारेषा तयार होते. रेषेखालीं उजेड, रेषेवर अंधार. आणि त्या अंधारांतच समोरून येणाऱ्या माणसाचे डोळे सुरक्षित राहतात. आपल्याकडे वाहनें डाव्या बाजूनें चालतात, म्हणून ही रेषा डावीकडे किंचित वर चढते, कीं जेणेंकरून कडेनें चालणारा माणूस दिसावा.

ही सर्व रचना त्या बारीक तारेच्या नेमक्या जागेवर अवलंबून आहे. तार सर्व बाजूंस प्रकाश फेंकते. एलईडी बल्बांत मात्र एका पट्टीच्या दोन सपाट बाजूंवर चिपा बसविलेल्या असतात, आणि त्या आपापल्या बाजूसच प्रकाश टाकतात. पट्टी जाड असली, चिपा मिलिमीटरभर पुढेंमागें झाल्या, किंवा बल्ब होल्डरांत थोडा फिरून बसला, कीं रिफ्लेक्टरचें सारें गणित चुकतें. सीमारेषा फाटते, आणि जो प्रकाश रस्त्यावर पडावयाचा तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

येथें एक मोठी फसगत होते. नवा बल्ब बसविल्यावर गाडीच्या पुढ्यांतला दहा-पंधरा मीटर रस्ता लख्ख पांढरा दिसतो, आणि मालक म्हणतो, “काय उजेड पडला!” परंतु जवळचा भाग फार उजळला म्हणजे डोळ्याची बाहुली आकुंचन पावते, व दूरचें मंद दृश्य अधिकच अंधारांत जातें. मोटार हांकणाऱ्यास धोका कळावा लागतो तो दूरचा. पायांजवळचा खड्डा स्वच्छ दिसला, तरी वेगांत असलेल्या गाडीस तो चुकविण्यास अवकाश कोठें असतो? म्हणजे उजेड वाढल्याचा भास होतो आणि दृष्टि मात्र घटते.

आतां समोरच्याचा विचार करूं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर अंतर कापते. डोळे दिपून दोन सेकंद कांहीं दिसलें नाहीं, तर तेवढें अंतर तो मनुष्य आंधळ्यासारखा जातो. त्या अंतरांत दिवा नसलेली बैलगाडी असेल, कामावरून परतणारा सायकलस्वार असेल, कडेनें चालणारीं माणसें असतील. वय वाढतें तसें डोळ्यांतील भिंग गढूळ होतें, आंत शिरलेला प्रकाश विखुरतो, आणि दिपलेला डोळा पूर्ववत होण्यास अधिक वेळ लागतो. साठी उलटलेल्या कोणासही हें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आणखीही अडचणी आहेत. एलईडीची उष्णता पुढें न जातां मागें सांठते. तिच्यासाठीं बल्बाच्या मागें धातूच्या पाकळ्या किंवा लहानसा पंखा असतो. तो भाग जुन्या हेडलाइटच्या रबरी टोपींत मावत नाहीं. टोपी उघडी ठेवली कीं पावसाळ्यांत पाणी व उन्हाळ्यांत धूळ आंत जाऊन रिफ्लेक्टर काळवंडतो. हलक्या प्रतीच्या बल्बामुळें गाडींतला रेडिओही खरखरूं लागतो. मग आमचीं हीं भाषणें ऐकावयाचीं कशीं?

कायद्याचें म्हणणेंही ध्यानांत असूं द्यावें. २०१९ सालच्या दुरुस्तीनें मोटार वाहन अधिनियमांत बदललेल्या कलम १८२-अ प्रमाणें, नियमांत न बसणारा फेरफार करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरफारामागें ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. जर्मनींत २०२० सालीं ऑसराम कंपनीच्या एका एलईडी बल्बास रस्त्यावर वापरण्याची परवानगी मिळाली. पण ती कोणत्याही गाडीस नव्हे. ज्या गाड्यांच्या हेडलाइटांत तो बल्ब तपासून पाहिला, तेवढ्यांच्याच यादीपुरती ती होती. यावरून बल्ब आणि घर यांची सोयरीक पत्रिका पाहूनच जुळवावी लागते, हें उघड आहे.

मग जुन्या गाडीच्या मालकानें काय करावें? कंदिलाची कांच काजळली असतां वात मोठी करून भागत नाहीं. कांच पुसावी लागते. जुन्या गाडीचा उजेड कमी होतो तो बहुधा बल्बामुळें नव्हेच. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असें होऊं नये.

पहिली गोष्ट कांच. ती आंतून-बाहेरून स्वच्छ असावी. प्लॅस्टिकची असून पिवळी पडली असल्यास घांसून चकचकीत करून घ्यावी. रिफ्लेक्टरची चकाकी उडाली असेल तर मूळच्या जातीचा संपूर्ण हेडलाइट बदलावा.

दुसरी गोष्ट वीज. पुष्कळ जुन्या गाड्यांत दिव्यांची सारी वीज बारीक वायरींतून व झिजलेल्या स्विचांतून फिरत येते आणि वाटेंत तिचा दाब घटतो. दाब शेंकडा १० नें उतरला तर हॅलोजनचा प्रकाश सुमारें शेंकडा ३० नें उतरतो. जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून रिले, फ्यूज व जाड वायर बसवून घ्यावी. अर्थिंगचीं टोकें साफ करवावीं. तोच ६०/५५ वॅटचा बल्ब मग नव्यासारखा पेटतो. याउलट १००/९० वॅटचा बल्ब जुन्या वायरींवर लादल्यास होल्डर जळण्याची भीति असते.

तिसरी गोष्ट दिव्याची दिशा. टायरांत योग्य हवा भरून, चालक आपल्या जागीं बसला असतां, गाडी सपाट जमिनीवर भिंतीपासून १० मीटरांवर उभी करावी. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूनें रेघ ओढावी. डिपरची सीमारेषा त्या रेघेच्या सुमारें १० सेंटिमीटर खालीं यावी. तशी नसेल तर दिव्यामागील स्क्रू फिरवून ती आणतां येते. मागें माणसें व डिकींत ओझें असतां गाडीचें नाक वर होतें, हेंही विसरूं नये.

इतकें करूनही कोणास एलईडीच हवी असेल, तर नुसता बल्ब न घेतां, कारखानदारानें त्याच मॉडेलासाठीं दिलेला, एलईडीसाठींच घडविलेला व मंजूर झालेला संपूर्ण हेडलाइट मिळतो काय हें पाहावें, आणि परिवहन कार्यालयांत विचारून मगच तो बसवावा. पेटीवर छापलेल्या लुमेनच्या भल्यामोठ्या आंकड्यांवरून दिव्याची परीक्षा करूं नये. ती भिंतीवरच्या सीमारेषेवरून करावी.

ट्रकांच्या मागें “रात्रीं डिपर वापरा” असें लिहिलेलें आपण वाचतों. त्या तीन शब्दांत रस्त्याचा सगळा शेजारधर्म आला आहे. परंतु ज्या दिव्याची सीमारेषाच फाटली, त्याचा डिपर दिला काय आणि न दिला काय, सारखेंच. नवे दिवे घेण्यापूर्वीं एकदां एवढें करावें: रात्रीं घरच्या एखाद्यास गाडींत बसवून डिपर लावावयास सांगावें, आणि आपण पन्नास पावलें पुढें जाऊन त्या प्रकाशाकडे तोंड करून उभें राहावें. आपल्या डोळ्यांस जें सोसवत नाहीं तें परक्याच्या डोळ्यांसही सोसवणार नाहीं.