हिवाळी पाहुणे, लेखांक ७ : बागेतला अनोळखी कस्तूर

मागच्या रविवारी दयाळ आणि चीरक झाले. या आठवड्यात कस्तूर, म्हणजे पक्षीनिरीक्षकांना हमखास चकवणारी मंडळी.

आंब्याखालच्या पाल्यात एखादा पक्षी एकटाच पाने उडवत असेल, तर कस्तुराची शंका घ्यावी. पाला सातभाईही उपसतात, पण टोळीने आणि कलकलाट करत. कस्तूर चार पावले पळतो, थबकतो, मान तिरकी करून बघतो आणि चोचीने पान बाजूला फेकतो. चाहूल लागली की मुकाट झुडपात शिरतो.

आपल्याकडचा नेहमीचा म्हणजे नारिंगी डोक्याचा कस्तूर. मैनेपेक्षा जरा लहान, पाठ निळसर राखी, पोट नारिंगी. पश्चिम घाटात वर्षभर राहणाऱ्या उपजातीचा गळा पांढरा असतो आणि गालावरून दोन गडद उभे पट्टे उतरतात. हे पट्टे दिसले की पक्षी इथलाच. पण थंडीत कधी तरी चेहरा सबंध नारिंगी आणि गाल कोरा असलेला पक्षी समोर येतो. तो हिमालयात वीण करून दक्षिणेकडे उतरलेला पाहुणा. जात तीच, गाव वेगळे. मादीची पाठ राखीऐवजी तपकिरीकडे झुकते. तिला नवी जात समजून बसू नये.

खरी गफलत होते ती राखी रंगाच्या कस्तुरांत. टिकेलचा कस्तूरही हिमालयातून येतो. नर वरून साधा राखाडी, पोट पांढुरके, चोच आणि पाय पिवळे. आपल्या घाटातला काळा कस्तूर त्याच्याहून थोराड; नराच्या डोक्यावर काळी टोपी, डोळ्याभोवती पिवळे कडे, चोच नारिंगी. टोपी नाही आणि पोट पांढुरके, तर टिकेलचा. टिकेलची मादी तपकिरी, तिच्या पांढऱ्या गळ्याच्या कडेला गडद रेघोट्या असतात.

निव्वळ रंगावर भिस्त मात्र ठेवू नये. दाट सावलीत राखाडी, निळा आणि काळा हे तिन्ही सारखेच दिसतात. पक्षी उडताना पंखाची खालची बाजू पाहायला मिळाली, तर तिच्यावर जास्त विश्वास टाकावा. नारिंगी डोक्याच्या कस्तुराच्या पंखाखाली काळेपांढरे ठळक पट्टे असतात, टिकेलच्या पंखाखाली तांबूस रंग असतो.

गच्चीच्या कठड्यावर ताठ बसणारा निळा कस्तूर हा निराळाच प्रकार. तोही हिवाळी पाहुणाच, पण पाल्यात रमण्यापेक्षा त्याला कातळ, पडक्या भिंती आणि इमारती प्रिय. नर मळकट निळा, मादीच्या पोटावर खवल्यांसारखी नक्षी. डीएनएच्या अभ्यासानंतर त्याला कस्तुरांच्या कुळातून काढून माशीमारांच्या कुळात नेले. मागच्या लेखांकातले दयाळ आणि चीरकही त्याच वाटेने गेले. नावे मात्र आपण जुनीच वापरतो, त्यात काही बिघडत नाही.

तेव्हा अनोळखी कस्तूर दिसला की आधी गाल, मग चोच, मग पोट, एवढे वहीत टिपा. पुस्तक नंतर उघडा. आणि झाडाखालचा पाला निदान शिमग्यापर्यंत झाडू नका, जाळू तर नकाच. कस्तुराचे किडे, गांडुळे आणि गोगलगाई त्याखालीच असतात.

पुढच्या रविवारी परीट.