थकवा म्हणजे आळस नव्हे!

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, हा मज्जासंस्थेचा आजार. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूतील व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावर हल्ला करते. विजेच्या तारेवरचे रबर सोलले की प्रवाह नीट जात नाही, तसे मेंदूचे निरोप वाटेत अडखळतात. कुणाला अंधुक दिसते, कुणाच्या पायांना मुंग्या येतात, कुणाचा तोल जातो. हा रोग संसर्गाचा नाही, करणीचाही नाही. बहुधा 20 ते 40 या कमावत्या वयात तो गाठतो. त्यातही पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक.

पण यातले मोठे दुखणे, थकवा, डोळ्यांना दिसत नाही. वरून धडधाकट दिसणारी सून दुपारी आडवी झाली की तिच्यावर ‘कामचुकार’ असा शिक्का बसतो. घरच्या मंडळींना आमचे कळकळीचे सांगणे आहे, हा आळस नव्हे, आजाराचे लक्षण आहे. जड कामे सकाळी उरकावीत, मध्ये विसावा घ्यावा, भाजी बसून चिरावी. पाणी भरण्याचे काम घरातील पुरुषांनी उचलावे.

उष्णतेने त्रास वाढतो. अंग थंड झाले की बहुधा उतरतो. म्हणून पत्र्याच्या घरात दुपारी शेगडीपुढे उभे राहणे टाळावे. गार पाण्याने अंघोळ करावी, मानेवर ओला पंचा ठेवावा.

पूर्वी अशा रुग्णांना नुसती विश्रांती सांगत. आता झेपेल तेवढे चालणे व हलका व्यायाम हिताचा ठरला आहे. विडी-सिगारेट मात्र सोडावीच. धूम्रपानाने हा आजार बळावतो. एमएस बरा करणारा खास आहार सिद्ध झालेला नाही. भाकरी, डाळ, पालेभाजी व पुरेसे पाणी उत्तम. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. मन उदास राहत असेल तर तेही त्यांना सांगावे.

हे सारे औषधांच्या जोडीला, औषधांऐवजी नव्हे. रोग समूळ जात नसला तरी औषधांनी त्याचे झटके कमी होतात. बरे वाटले म्हणून औषध परस्पर थांबवू नये. नवे लक्षण 24 तासांहून अधिक टिकले तर डॉक्टर गाठावा. एकाएकी तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा एक बाजू लुळी पडली तर क्षणाचाही विलंब नको.

हक्कही ठाऊक असावेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने एमएसचा दिव्यांगत्वात समावेश केला आहे. सरकारी रुग्णालयात प्रमाणपत्राची चौकशी करावी. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था 1985 पासून रुग्णांसाठी काम करते.

औषध डॉक्टर देतील. समजून घेणारे घर आपणच द्यायचे आहे.