मोटारीचा फ्यूज उडतो तेव्हा

धानाची कापणी होऊन पुंजणे मळणीस आले की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील रस्त्यांवर रात्रीची रहदारी वाढू लागते. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी या धानपट्ट्यातून भरलेल्या ट्रॉल्या घेऊन निघालेले ट्रॅक्टर बहुधा दिवस मावळल्यावरच मुख्य रस्त्यास लागतात. आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या गाड्यांना तर सागवानाच्या दाट रानातून वाट काढावी लागते, आणि वाटेत दुरुस्तीचे दुकान भेटेलच असा भरवसा नसतो. अशा ठिकाणी गाडीचे पुढचे दिवे एकाएकी मालवले, तर कसेही करून घर गाठावे हाच विचार चालकाच्या मनात प्रथम येतो. दिवे जाण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की, काही रुपये किमतीचा एक फ्यूज उडालेला असतो. परंतु त्या फ्यूजच्या जागी चालक काय बसवितो, यावर गाडी घरी पोहोचते की वाटेत जळते हे ठरते.

फ्यूज म्हणजे वितळतार. हल्लीच्या गाड्यांतील दोन पात्यांच्या फ्यूजमध्ये रंगीत प्लॅस्टिकच्या आत बहुधा जस्ताची एक बारीक पट्टी असते. ठरावापेक्षा फार अधिक प्रवाह वाहू लागला म्हणजे ती तापून वितळते आणि प्रवाहाची वाट बंद होते. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सियसला वितळते, तर तांबे वितळावयास सुमारे १,०८५ अंश लागतात. या दोन आकड्यांतील अंतर ध्यानात घेतले म्हणजे फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे का घातक आहे, हे निराळे सांगावयास नको. ती तार वितळण्याच्या कितीतरी आधी गाडीच्या वायरिंगवरील प्लॅस्टिकचे आवरण मऊ पडून गळू लागते आणि उघड्या झालेल्या तारा एकमेकींस भिडतात.

तार बांधण्याची ही सवय गाडीत आली ती शेतातून. पंपाच्या पेटीतील किटकॅटमध्ये तार बांधणे हे शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेले काम आहे. तेथेही ठरावीक जाडीचीच फ्यूजतार हवी असते, हे सोयीस्करपणे विसरले जाते, ती गोष्ट वेगळी. गाडीत तर तार बांधण्याची सोयच ठेवलेली नाही, आणि ती मुद्दामच ठेवलेली नाही. तरीही "तार लाव ना भाऊ, घरी गेल्यावर पाहू" हे वाक्य या भागातील रस्त्यांवर नित्य ऐकू येते. तार नसेल तर पुडीतील चंदेरी कागद, खिळा, अथवा ३० अँपिअरचा मोठा फ्यूज खोचला जातो. दिवे लागतात, आणि हीच खरी फसवणूक होय. कारण दिवे लागले म्हणजे दोष गेला असे वाटते.

थोडा हिशेब करून पाहणे उपयुक्त ठरेल. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. समजा, एखाद्या गाडीत १२ व्होल्टची बॅटरी असून ६० वॅटचे दोन दिवे एकाच फ्यूजवर आहेत. १२० भागिले १२, म्हणजे १० अँपिअर झाले. तेथे कारखान्याने १५ अँपिअरचा फ्यूज दिला असेल तर तो योग्यच आहे. आता मालकाने उजेड वाढावा म्हणून १०० वॅटचे दोन दिवे बसविले. प्रवाह झाला सुमारे १६.७ अँपिअर. फ्यूज आज ना उद्या उडणारच. तो उडाला म्हणून ३० चा फ्यूज घातला, तर फ्यूज उडावयाचे थांबते, परंतु तार तीच राहते. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने पूर्वीच्या पावणेतीनपट उष्णता त्याच तारेस सोसावी लागते. अधिक प्रकाशाची खरोखरच गरज असेल तर बॅटरीपासून वेगळी जाड तार, वेगळा फ्यूज आणि रिले बसवून ते काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. कारखान्याने नेमून दिलेल्या वॅटचे दिवे पुसून, त्यांचा रोख नीट लावून घेतला, तर बहुतेक वेळा त्याचीही गरज राहत नाही.

फ्यूज बदलण्याची रीत

गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन हातब्रेक लावावा, इंजिन बंद करावे, किल्ली काढावी आणि सर्व स्विच बंद करावेत. उन्हाळ्यात, विशेषतः फेब्रुवारीपासून जूनपर्यंतच्या वणव्याच्या दिवसांत, वाळलेल्या पालापाचोळ्यावर गाडी उभी करू नये. पेट्रोल किंवा डिझेलचा वास येत असेल तर पुढे काहीच न करता सर्वांनी दूर व्हावे. बारा व्होल्टचा धक्का माणसाला जाणवत नाही म्हणून चालक निष्काळजी राहतात. परंतु हातातील कडे, अंगठी अथवा घड्याळाचा धातूचा पट्टा बॅटरीची जिवंत बाजू आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये आला, तर त्यातून शेकडो अँपिअर वाहू शकतात व कातडी जळते. हे दागिने आधी काढून ठेवावेत.

फ्यूजची पेटी बहुधा चालकाच्या गुडघ्याजवळ डॅशबोर्डाखाली असते, आणि पुष्कळ गाड्यांत दुसरी पेटी बोनेटखाली बॅटरीजवळ असते. झाकणाच्या आतील बाजूस कोणता फ्यूज कशाचा, याचा नकाशा असतो. नकाशा पुसट झाला असेल तर तो दिवसाउजेडी मिस्त्रीकडून समजून घेऊन मराठीत लिहून चिकटवावा. रात्री बॅटरीच्या उजेडात त्याचे मोल कळते. फ्यूज पेटीतील प्लॅस्टिकच्या चिमट्याने सरळ वर ओढावा. पेचकसाने उचकटू नये. त्याचे टोक शेजारच्या पात्यास लागून दुसरेच काही शॉर्ट होते.

काढलेला फ्यूज फेकण्यापूर्वी निरखून पाहावा. पट्टी मध्येच स्वच्छ तुटली असेल तर भार थोडा जास्त झाला असावा असे मानावयास जागा आहे. काच किंवा प्लॅस्टिक काळवंडून धातूचे कण उडालेले दिसले, तर तार कोठेतरी बॉडीला थेट चिकटली असण्याचा संभव मोठा. फ्यूजचे पाय किंवा खाच जळून तपकिरी झाले असतील तर सांधा सैल आहे. तेथे नवा फ्यूजही टिकणार नाही. जुन्या जीप व ट्रॅक्टरमध्ये काचेच्या नळीचे फ्यूज असतात. त्यांचा आकडा टोकाच्या धातूच्या टोपीवर कोरलेला असतो आणि घासून वाचावा लागतो.

नवा फ्यूज त्याच आकाराचा आणि त्याच आकड्याचा हवा. पात्यांच्या फ्यूजमध्ये ७.५ चा तपकिरी, १० चा तांबडा, १५ चा निळा, २० चा पिवळा, २५ चा पांढरा किंवा पारदर्शक आणि ३० चा हिरवा, असे रंग सर्वत्र रूढ आहेत. तथापि, धुळीने रंग फसवितो, आकडा वाचावाच. मात्र उडालेल्या फ्यूजवरील आकड्यावर विसंबणेही पुरेसे नाही, कारण आधीच्या कोणी तेथे चुकीचा फ्यूज खोचलेला असू शकतो. झाकणावरील नकाशाच प्रमाण मानावा. फ्यूज घट्ट बसविल्यावर मगच किल्ली फिरवावी आणि स्विच लावावा.

लगेच पुन्हा उडाला, तर तिसरा फ्यूज घालू नये. तो दुसरा फ्यूज दोष शिल्लक असल्याचे सांगून गेला आहे.

दोष कोठे शोधावा

या दोन जिल्ह्यांत फ्यूज उडण्याची कारणे शहरातील कारणांहून काहीशी वेगळी आहेत. धान घरात आले की उंदीर येतात, आणि तणसाजवळ आठवडाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचे वायरिंग कुरतडले गेले नाही तरच नवल. पावसाळ्यात नाले ओलांडताना पाणी होल्डरमध्ये शिरते व पितळी पत्र्यांवर हिरवट गंज चढतो. बांबूची फांदी मागच्या दिव्याची तार ओढून नेते. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे ट्रॉली. ट्रॉलीच्या दिव्यांची तार साखळीसोबत लोंबत राहते, खडीवर घासते, आणि तिचा प्लग चिखलाने भरलेला असतो. म्हणून ट्रॅक्टरचा मागील दिव्यांचा फ्यूज उडाला की पहिले काम ट्रॉलीचा प्लग काढण्याचे. प्लग काढल्यावर नवा फ्यूज टिकला, तर दोष ट्रॅक्टरमध्ये नसून ट्रॉलीत आहे, हे अर्ध्या मिनिटात कळते. इतर ठिकाणीही हीच युक्ती लागू पडते. मागाहून बसविलेला हॉर्न, टेप किंवा जादा दिवा आधी सोडवावा. मोबाइल भारण्याच्या सॉकेटात तर कित्येकदा एखादे नाणे पडलेले आढळते.

एवढ्याने दोष सापडला नाही तर चाचणी दिव्याचा उपयोग करावा. एखाद्या उडालेल्या फ्यूजच्या दोन पायांना दोन तारा डाखून त्यांच्या टोकांस इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा दिवा होल्डरसह जोडावा. पट्टी तुटलेली आहे याची खात्री मात्र असावी. हा फ्यूज त्या खाचेत बसवावा. त्या फ्यूजवरील सर्व दिव्यांचे बल्ब व प्लग काढून ठेवावेत, आणि किल्ली व स्विच चालू करावेत. इंजिन सुरू करू नये. वायरिंग निर्दोष असेल तर प्रवाहाला परतण्याची वाट नसल्याने चाचणी दिवा लागणार नाही. तो पूर्ण तेजाने लागला, तर तार कोठेतरी बॉडीला चिकटली आहे. मग एकाने दिव्याकडे पाहत राहावे आणि दुसऱ्याने वायरिंग जागोजागी हळूच हलवावे. जेथे हात लागताच दिवा लुकलुकेल किंवा विझेल, तेथेच दोष. या रीतीचा गुण असा की, तार शॉर्ट असली तरी पावणेदोन अँपिअरहून अधिक प्रवाह वाहू शकत नाही. तार तापत नाही आणि फ्यूजही वाया जात नाहीत. दिवे, हॉर्न व ट्रॉली यांपुरतीच ही चाचणी करावी. इंजिनाच्या संगणकाच्या अथवा एअरबॅगच्या फ्यूजला ती लावू नये. ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतील तर दिवाही २४ व्होल्टचा हवा.

कुरतडलेली तार सापडल्यावर ती जोडण्यापूर्वी बॅटरीची बॉडीस जोडलेली तार, म्हणजे बहुतेक गाड्यांत उणे बाजूची तार, सोडवावी. ती आधी सोडावयाची आणि शेवटी जोडावयाची असते, कारण अधिक बाजू सोडताना पाना बॉडीला लागला तर मोठी ठिणगी पडते. तारेचा सांधा पक्का करून त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळावी. नुसते पीळ देऊन सोडलेले सांधे पुढील पावसाळ्यात पुन्हा तोच खेळ करतात.

रात्री, रानात

चालकाजवळ त्या आकड्याचा फ्यूज नसेल तर गाडीतच तो असण्याचा संभव असतो. रेडिओ किंवा मोबाइल भारण्याच्या सॉकेटाचा फ्यूज त्याच आकाराचा व आकड्याचा असल्यास दिव्यांसाठी उसना घेता येतो. हॉर्नचा, ब्रेकच्या दिव्याचा, आणि पावसाळ्यात वायपरचा फ्यूज मात्र काढू नये. तोच आकडा न मिळाल्यास त्याहून लहान आकड्याचा घालावा, मोठा कधीही नव्हे. १५ च्या जागी १० चा फ्यूज घातला तर फार तर तो पुन्हा उडेल. वायरिंगला धोका नाही.

काहीच न जमल्यास दिव्यावाचून गाडी हाकू नये. या रस्त्यांवर रात्री गुरे बसलेली असतात आणि दिवा नसलेल्या बैलगाड्या चालत असतात. ताडोबाच्या आसपास व ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघांचा वावर आहे, म्हणून गाडीतून उतरून पायी गाव गाठण्याचा विचारही सोडावा. चारही इंडिकेटर एकदम लुकलुकण्याची सोय चालत असेल तर ती लावावी, सर्वांनी गाडीत बसून राहावे आणि येणाऱ्या गाडीची वाट पाहावी. ट्रॅक्टरला बंद खोली नसल्याने तेथे वाट पाहणे अधिक अवघड होते. रानातून रात्रीची ट्रॉली एकट्याने न नेता दोन ट्रॅक्टर जोडीने काढण्याची रीत याच कारणाने शहाणपणाची आहे.

वायरिंगमधून धूर येऊ लागल्यास किल्ली बंद करून माणसे उतरवावीत. ट्रॉलीत तणस असेल आणि वेळ असेल तर ती सोडवून ट्रॅक्टर पुढे ढकलावा. बोनेट पूर्ण उघडू नये, कारण हवा मिळताच आग भडकते. कोरड्या पावडरचे अग्निशामक नसल्यास कोरडी माती किंवा वाळू फेकावी. पेटलेल्या डिझेलवर पाणी ओतू नये.

बॅटरीजवळील ६०, ८० किंवा १०० अँपिअरचे, स्क्रूने कसलेले मुख्य फ्यूज हे वाटेत बदलण्याचे काम नव्हे. विजेवर चालणाऱ्या मोटारी आता या भागातही दिसू लागल्या आहेत. त्यांतील नारिंगी रंगाच्या जाड केबलींना व त्यांच्या पेटीला कोणीही हात लावू नये; तेथील दाब शेकडो व्होल्टचा असतो व तो प्राणघातक आहे.

गावात ट्रॅक्टर भाड्याने देणारे गट असतील तेथे कार्यकर्त्याने मळणीपूर्वी एक दुपार राखून प्रत्येक चालकाकडून एकेक फ्यूज काढून व बसवून घ्यावा. त्याच वेळी प्रत्येक गाडीत वापरात असलेल्या आकड्याचे दोन-दोन फ्यूज, चिमटा, चाचणी दिवा, टेप आणि हातबॅटरी एका पत्र्याच्या डब्यात भरून तो आसनाखाली ठेवावा. फ्यूज विश्वासू दुकानातूनच घ्यावेत. सुटे विकले जाणारे अगदी स्वस्त फ्यूज कधीकधी ठरल्या प्रवाहाला वितळतच नाहीत. डब्याचे झाकण घट्ट असावे, कारण पावसाळी दमटपणाने फ्यूजच्या पायांवर पांढरी बुरशी धरते. ती बारीक पॉलिश कागदाने घासून काढल्यावरच फ्यूज बसवावा.