दुसऱ्या रांगेतली पोरं

जमैकाच्या वेगाबद्दल लिहायचं म्हटलं की उसेन बोल्टपासून सुरुवात करायची, असा जणू प्रघातच पडला आहे. पण प्रशिक्षण म्हणून विचार केला तर बोल्टचं उदाहरण फारसं उपयोगाचं नाही. पंधराव्या वर्षीच, २००२ साली, त्याने किंग्स्टनच्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत २०० मीटरचं सुवर्ण जिंकलं होतं. असा मुलगा कुणी शोधावा लागत नाही, तो डोळ्यांसमोरच असतो. प्रशिक्षकाची खरी परीक्षा बाकीच्यांमध्ये असते, आणि त्यासाठी त्याच शहरातल्या एमव्हीपी ट्रॅक क्लबकडे पाहावं लागतं. स्टीफन फ्रान्सिस यांनी भाऊ पॉल आणि ब्रूस जेम्स, डेव्हिड नोएल या मित्रांच्या साथीने १९९९ साली हा क्लब काढला. नावाचा विस्तार मॅक्सिमायझिंग व्हेलॉसिटी अँड पॉवर. फ्रान्सिस हे मिशिगन विद्यापीठाचे एमबीए, केपीएमजीतली नोकरी सोडून आलेले; स्वतः नामांकित धावपटू कधीच नव्हते. जागा होती युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीच्या आवारातली, ट्रॅक गवताचा, आणि सराव उजाडण्याच्या सुमारास. अधिकृत इतिहास एवढा पुरे. माझा मुद्दा असा की या क्लबची वाढ सुविधांमुळे झाली नाही, आणि रक्तातल्या गुणांमुळे तर नाहीच. ती निवडीच्या एका नियमामुळे झाली.

तो नियम कळण्यासाठी आधीची स्थिती पाहायला हवी. जमैकात शाळांची ‘चॅम्प्स’ ही स्पर्धा १९१० पासून चालत आली आहे, आणि तिच्यासाठी किंग्स्टनचं राष्ट्रीय स्टेडियम गच्च भरतं. पूर्वी तिथे चमकलेली मुलं शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत जात. डॉन क्वॉरी गेला, मर्लिन ऑटी गेली. बरीच मोठी झाली. पण कॉलेजच्या संघासाठी महिनोन्‌महिने शर्यती आणि रिले धावता धावता कित्येकजण विशीतच संपली, असं फ्रान्सिस सतत सांगत आले. मुलं घरीच थांबली तर अधिक वेगवान होतील, हा त्यांचा दावा. अडचण एवढीच की नव्या, बिनपैशाच्या क्लबमध्ये थांबणार कोण? पहिल्या रांगेतल्यांच्या हातात विमानाची तिकिटं होती. उरली दुसरी रांग. म्हणजे दुसऱ्या रांगेतून निवडण्याचा हा नियम थोडा तत्त्वातून आला आणि थोडा नाइलाजातून. माझ्या मते नाइलाजाचा वाटा मोठा होता.

या रांगेतून आलेल्यांची यादीच वाचण्यासारखी आहे. असाफा पॉवेल २००१ साली आला तेव्हा शालेय स्पर्धेत त्याच्या नावावर सांगण्याजोगं काही नव्हतं. चार वर्षांनी अथेन्समध्ये त्याने १०० मीटर ९.७७ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. वॉटरहाउससारख्या गरीब वस्तीतून आलेल्या शेली-ॲन फ्रेझरची २००७ मधली सर्वोत्तम वेळ ११.३१ होती. पुढच्या वर्षी निवड चाचणीत ती दुसरी आली, तरी तिला बाजूला करून अनुभवी व्हेरॉनिका कॅम्पबेल-ब्राउनला पाठवा, अशी ओरड झाली. फ्रेझर बीजिंगला गेली आणि १०.७८ मध्ये जिंकली. ऑलिंपिकमध्ये १०० मीटर जिंकणारी ती पहिली जमैकन महिला. एलेन थॉम्प्सनची ‘चॅम्प्स’मधली मजल चौथ्या क्रमांकापर्यंत, शेवटच्या वर्षी तर शाळेने तिला संघातूनही वगळलं होतं. २०१६ आणि टोकियो, दोन्ही ऑलिंपिकमध्ये तिने १०० आणि २०० मीटर जिंकले.

हे शक्य कसं होतं, याचं उत्तर पायाच्या शास्त्रात थोडंफार सापडतं. पीटर वेयंड आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की वेगवान माणूस पाय हवेत फार भराभर फिरवतो असं नाही. तो जमिनीवर जास्त जोर लावतो. पूर्ण वेगात पाऊल जमिनीवर टेकतं ते सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागाइतकं. तेवढ्यात शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट बल लावायचं असतं. हे बल स्नायूंतून येतं, आणि स्नायू वयाच्या विशीतही घडवता येतात. लवकर वयात आलेली मुलं शाळेत जिंकतात. उशिरा वाढणारी मागे पडतात आणि तिथेच त्यांची गणना संपते. दहावीच्या गुणवत्ता यादीवरून संशोधक निवडावेत, तसंच हे. फ्रान्सिस यांच्या तालमीत व्यायामशाळा, चढावरची धाव आणि घोटून घेतलेली सुरुवात यांना मोठं स्थान आहे. शर्यतींना त्या मानाने कमी. किशेन थॉम्प्सनबाबत तर त्यांनी टोक गाठलं. सारखा दुखापतींशी झगडणारा हा मुलगा २०२३ च्या राष्ट्रीय चाचणीत एकच फेरी धावला, तीही ९.९१ मध्ये, आणि मग त्याला थांबवलं. पुढच्या वर्षीच्या चाचणीत त्याला सांगितलं होतं की जोर पहिल्या साठ मीटरपुरताच लाव. अंतिम फेरीत वेळ लागली ९.७७.

यावर पहिला आक्षेप जनुकांचा. वेगवान स्नायूतंतूंशी जोडलेलं एसीटीएन-३ जनुकाचं रूप जमैकात आढळतं हे खरं, पण ते इतकं सर्रास आढळतं की अव्वल धावपटू आणि त्याच गावचा सामान्य माणूस यांच्यात त्यावरून फरक करता येत नाही. शिवाय १९९० ते २००८ या काळात निकाल बदलले, बेटाचं रक्त बदललेलं नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: खरं काम शाळा करतात, क्लब आयतं घेतो. क्युबाच्या मदतीने १९८० मध्ये सुरू झालेल्या जी. सी. फॉस्टर कॉलेजने शाळाशाळांत शिकलेले प्रशिक्षक पोहोचवले, त्याशिवाय फ्रान्सिस यांच्याकडे निवडायला कुणी नसतं. मान्य. मात्र तोच साठा आधीही होता आणि त्यातला मधला थर वाया जात होता. तिसरा आक्षेप असा की जिंकलेल्यांचीच नावं मोजली तर कुठलीही पद्धत खरी ठरते. क्लबमध्ये येऊन काहीच न झालेले किती? पुष्कळ असणारच. पण तीस लाखांहून कमी वस्तीच्या देशात, इतरांनी सोडून दिलेल्यांतून वीस वर्षं विजेते निघत राहिले, तर त्याला योगायोग म्हणणं कठीण जातं.

चौथा आक्षेप औषधांचा, आणि तिथे बचाव लंगडा पडतो. २०१३ मध्ये पॉवेल आणि क्लबचीच शेरोन सिम्पसन यांच्या नमुन्यांत ऑक्सिलोफ्रिन हे उत्तेजक सापडलं. अठरा महिन्यांची बंदी क्रीडा लवादाने सहा महिन्यांवर आणली. क्लबच्याच नेस्टा कार्टरचा बीजिंगचा जुना नमुना पुन्हा तपासल्यावर २०१७ मध्ये ४×१०० रिलेचं सुवर्ण गेलं, आणि त्याबरोबर बोल्ट व पॉवेलचंही. प्रकरणं पूरक औषधांतली आणि उत्तेजकांची होती, हे सांगून दोष हलका होतो, संपत नाही. ज्या तालमीत पहाटेच्या प्रत्येक धावेवर प्रशिक्षकाची नजर असते, तिथे बाटलीतल्या गोळीवर ती का नव्हती, हा प्रश्न उरतोच.

दुसरी अडचण क्लबच्या स्वभावातच आहे. सगळं एका माणसाच्या नजरेवर चालतं, आणि नाव झालेल्या धावपटूला त्या नजरेखाली राहणं जड जातं. शेली-ॲन फ्रेझर (लग्नानंतर फ्रेझर-प्राइस) बाहेर पडली, टोकियोतल्या यशानंतर लगेच एलेन थॉम्प्सनही (लग्नानंतर थॉम्प्सन-हेरा). नवे येत राहिले: ४०० मीटरवरून वळलेल्या शेरिका जॅक्सनने २०२३ मध्ये बुडापेस्टला २०० मीटर २१.४१ मध्ये जिंकले. ती मात्र शाळेतही चमकलेली होती, म्हणजे क्लबला आता पहिली रांगही मिळू लागली होती. नेमकं तेव्हाच वारं फिरलं. २०२१ पासून अमेरिकी कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात. पूर्वी तिथे नुसती शिष्यवृत्ती होती. आता अठरा वर्षांच्या विजेत्याला घर चालवण्याइतकं मिळू शकतं, आणि जमैकाच्या कुटुंबाने त्याला नको म्हणावं अशी अपेक्षा धरणं अन्यायाचं होईल. तेव्हा एमव्हीपीची भरती पुन्हा अमेरिकेतून बोलावणं न आलेल्यांवर येईल असं दिसतं. तसं झालं तर क्लबचं फार बिघडेल असं मला वाटत नाही. २०२४ ला पॅरिसच्या १०० मीटर अंतिम शर्यतीत नोआ लाइल्सपेक्षा सेकंदाच्या पाच सहस्रांशांनी मागे राहिलेला किशेन थॉम्प्सनही शाळेत फारसा गाजलेला नव्हता.