मधल्या नावांची माणसे

गेल्या वर्षी भाऊबीजेला बहीण माहेरी आली, तेव्हा भाचीही आली होती. बायोइन्फर्मॅटिक्समध्ये एम.एस्सी. करून तिला चार वर्षे झाली होती. या चार वर्षांत तिने दोन संस्था पाहिल्या आणि दोन प्रकल्प संपलेले पाहिले. फराळ झाल्यावर तिने विचारले, "मामा, अजून एक दोन वर्षांची प्रोजेक्टची जागा आहे. घेऊ का?"

तिच्या आईने उत्तर आधीच ठरवले होते : बँकेची परीक्षा दे. मी मात्र गप्प बसलो. मी काही शास्त्रज्ञ नव्हे. बी.कॉम. झालो, हिशेब लिहून पोट भरले आणि उरल्या वेळात जुन्या मराठी पोथ्यांचे पाठभेद जुळवत आलो. तरीही हा प्रश्न मला परका वाटला नाही. भाचीच्या शास्त्राची आणि माझी ओळख पोथ्यांमुळेच झाली होती. वर्षभर वाचून, विचारून जे समजले ते इथे मांडतो आहे.

पोथी आणि प्रथिन

समजा, एकाच ओळीच्या तीन नकला मिळाल्या. पहिलीत 'राम वनात गेला', दुसरीत 'राम बनात गेला', तिसरीत 'राम बनात एकटा गेला'. पाठचिकित्सा करणारा प्रथम तिन्ही ओळी एकाखाली एक मांडतो. 'एकटा' हा शब्द जिथे नाही तिथे रिकामी जागा सोडतो. मग 'वनात'चे 'बनात' कुठे झाले ते पाहतो. 'बनात' ही चूक मानली, तर ती दोन नकलांत सामाईक आहे. म्हणजे त्या दोन्ही बहुधा एकाच मूळ नकलेवरून उतरल्या. अशा सामाईक चुकांवरून पोथ्यांची वंशावळ लागते.

डीएनए ही चार अक्षरांत आणि प्रथिन ही वीस अक्षरांत लिहिलेली पोथी आहे. पेशी विभागताना तिची नक्कल होते, नकलेत चुका होतात आणि त्या चुका पुढच्या पिढ्यांत उतरतात. माणसाचे हिमोग्लोबिन आणि घोड्याचे हिमोग्लोबिन एकाखाली एक मांडून फरक पाहणे हे जातीने माझ्याच कामासारखे. फरक आहे तो आकाराचा. माझी मोठ्यात मोठी पोथी काही हजार ओव्यांची. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत.

दोन ओळी जुळवताना रिकाम्या जागा कुठे सोडायच्या याच्या शक्यता इतक्या वाढतात, की सगळ्या तपासणे संगणकालाही जमत नाही. १९७० साली नीडलमन आणि वुन्श यांनी यावर तोड काढली. जुळणीला गुण द्यायचे, रिकाम्या जागेला दंड लावायचा, छोट्या तुकड्यांची उत्तम जुळणी आधी काढून लक्षात ठेवायची आणि तिच्यावर मोठी रचायची. १९९० साली 'ब्लास्ट' आले. ते आधी छोटे, चांगले जुळणारे तुकडे शोधते आणि तिथून दोन्ही बाजूंना पसरत जाते. अचूकतेत थोडी तडजोड होते, पण प्रचंड संग्रहात शोध घेणे त्यामुळे रोजचे काम झाले.

ही देवाणघेवाण एकतर्फी नाही. १९९८ साली 'नेचर'मध्ये चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधील एका भागाच्या ५८ हस्तलिखितांची वंशावळ छापून आली. ती जीवशास्त्रज्ञांच्या संगणक-पद्धतींनी लावली होती. जो फेल्सेनस्टाइन यांची 'फिलिप' ही आज्ञावली १९८० पासून कुणालाही फुकट मिळते. ती मी घरच्या संगणकावर उतरवून घेतली आणि माझ्या अकरा पोथ्यांवर चालवली. झाड काही नीट येईना. महिनाभराने कारण कळले : एका लेखनिकाने दोन पोथ्या समोर ठेवून नक्कल केली होती. सुखठणकरांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम करताना अशाच संमिश्र पोथ्यांशी झुंज घेतली होती. जिवाणूही एकमेकांकडून जनुके उचलतात आणि तिथेही वंशवृक्ष असाच अडखळतो. त्या रात्री भाचीशी दोन तास बोललो.

हे शास्त्र कुणी उभे केले

मार्गारेट डेहॉफ या अमेरिकन बाई मुळात रसायनशास्त्रज्ञ. १९६२ मध्ये रॉबर्ट लेडली यांच्यासह त्यांनी आयबीएम ७०९० या संगणकासाठी एक आज्ञावली लिहिली. प्रथिनाचे तुटक वाचलेले तुकडे जुळवून ती सलग ओळ लावत असे. १९६५ साली त्यांनी तोवर माहीत असलेल्या ६५ प्रथिनांचा 'ॲटलास' छापला. अमिनो आम्लांना एकेका अक्षराची जी खूण आज जगभर वापरतात, तीही त्यांचीच. तरीही १९८२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहाचे, म्हणजे 'जेनबँके'चे कंत्राट देण्याची वेळ आली तेव्हा ते डेहॉफ यांच्या गटाला मिळाले नाही. दुसऱ्याच वर्षी त्या वारल्या. इतरांनी शोधलेले गोळा करणे, तपासणे, नीट लावणे याला 'संशोधन' म्हणायचे की कारकुनी, हा वाद तेव्हापासूनचा आहे. तो आजही संपलेला नाही.

आपल्याकडचा इतिहासही कमी नाही. १९६३ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते याचा नकाशा मांडला. प्रथिनाची नवी रचना तपासताना आजही हा 'रामचंद्रन आलेख' काढतात. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने देशभर माहिती केंद्रांचे जाळे उभारले. त्यात १९८७ साली पुणे विद्यापीठाचे बायोइन्फर्मॅटिक्स केंद्र आले. तिथल्या कोळस्कर आणि टोंगावकर यांनी १९९० साली एक पद्धत प्रसिद्ध केली. प्रथिनाचा कोणता भाग शरीराची प्रतिकारयंत्रणा ओळखेल याचा अंदाज तिने बांधता येतो. पस्तीस वर्षांनंतरही लशींवरच्या शोधनिबंधांत ही दोन नावे भेटतात.

नोकरी म्हणजे नेमके काय

बाहेरून पाहणाऱ्याला 'बायोइन्फर्मॅटिक्समधली नोकरी' ही एकच गोष्ट वाटते. प्रत्यक्षात तीन वेगळ्या कामांना हे एक नाव आहे.

पहिले काम स्वतःचा प्रश्न घेऊन संगणकाने जीवशास्त्र करण्याचे. विषाणू कसा बदलतो, प्रथिन कसे घडी घेते, असे प्रश्न. याला गणनात्मक जीवशास्त्र म्हणतात. दुसरे काम साधने आणि माहितीसंग्रह बांधण्याचे आणि सांभाळण्याचे. तिसरे काम दुसऱ्याच्या प्रयोगातून आलेल्या आकड्यांचे विश्लेषण करून देण्याचे. जाहिराती सर्वांत जास्त तिसऱ्या कामाच्या निघतात. प्रयोगशाळेने यंत्र घेतलेले असते, यंत्रातून आकड्यांचा ढीग बाहेर पडतो आणि तो उपसायला माणूस हवा असतो.

शिडी साधारण अशी : एम.एस्सी.नंतर प्रोजेक्ट असोसिएट किंवा ज्युनिअर रिसर्च फेलो, मग सीनिअर, मग पीएच.डी., मग रिसर्च असोसिएट किंवा पोस्टडॉक आणि शेवटी प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञाची कायम जागा. जानेवारी २०२३ पासून ज्युनिअर फेलोला दरमहा ३७,०००, सीनिअरला ४२,००० आणि असोसिएटला ५८,००० ते ६७,००० रुपये मिळतात, घरभाडे वेगळे. पण हे पैसे येतात प्रकल्पाच्या अनुदानातून. अनुदान संपले की जागाही संपते. भाचीच्या दुसऱ्या संस्थेत अनुदानाचा हप्ता अडकला आणि पाच महिने पगार झाला नाही. सहावा महिना उजाडला तेव्हा सगळे एकदम मिळाले. पण मधल्या काळात घरमालक थांबत नाही.

परीक्षेचीही एक गंमत आहे. फेलोशिपचा मोठा दरवाजा म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट. तिचे विषय पाच : जीवविज्ञान, रसायन, भौतिक, गणित आणि भूविज्ञान. बायोइन्फर्मॅटिक्स त्यात नाही. दोन वर्षे संगणक आणि संख्याशास्त्र शिकलेली मुलगी वनस्पतींचे शरीरशास्त्र पाठ करून जीवविज्ञानाच्या पेपराला बसते. 'गेट'मध्येही तिला जैवतंत्रज्ञान किंवा जीवविज्ञान यांतलेच काही निवडावे लागते. दोन शास्त्रांच्या शिवेवर उभे राहणाऱ्याला दोन्ही गावांत घर नसते, तसे हे.

जागा कुठे असतात? पुण्यात विद्यापीठाचे केंद्र, एनसीसीएस, एनसीएल, आयसर आणि सी-डॅक. मुंबईत आयआयटी आणि टीआयएफआर. नवी मुंबईत टाटा स्मारकचे ॲक्ट्रेक. बाहेर बंगळूरुचे आयआयएससी, एनसीबीएस आणि आयबॅब, हैदराबादचे सीडीएफडी, चेन्नईची गणितीय विज्ञान संस्था, दिल्लीतील आयजीआयबी आणि जेएनयू, चंदिगडचे इमटेक. २०२२ च्या नोव्हेंबरात फरिदाबादला इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर सुरू झाले. 'जीनोम इंडिया' प्रकल्पातील दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती तिथेच ठेवली आहे. संग्रह सांभाळणे हेही राष्ट्रीय काम आहे, हे आपण उशिरा का होईना मान्य केले.

नाव मध्ये का येते

जीवशास्त्राच्या निबंधात लेखकांच्या क्रमाला अर्थ असतो. पहिले नाव ज्याने मुख्य काम केले त्याचे, शेवटचे प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे. आकडे सोडवणाऱ्याचे नाव बहुधा मध्ये कुठेतरी येते. दहा निबंधांत मधले नाव असलेल्या उमेदवाराला निवड समिती विचारते, "यात तुमचे स्वतःचे काय?" भाचीच्या पहिल्या प्रकल्पात तर तिने केलेल्या विश्लेषणावर निबंधातील तीन आकृत्या उभ्या होत्या आणि तिचे नाव होते आभारात.

मला इथे जुने लेखनिक आठवतात. पोथीच्या शेवटी, पुष्पिकेत, ते आपले नाव, गाव, शक आणि तिथी लिहीत. ग्रंथ त्यांचा नव्हे, पण नक्कल त्यांची. तिची जबाबदारी नावासकट घेतलेली. संशोधनात पुष्पिकेसारखी जागा अजून पक्की झालेली नाही. बाहेर काही हालचाली दिसतात. ब्रिटनमध्ये २०१२ साली 'रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर' हे नाव पुढे आले आणि त्या नावाच्या जागा विद्यापीठांत निघू लागल्या. पण तिथेही सगळे गोड नाही. युरोपच्या ईएमबीएल या नामांकित संस्थेत करार सहसा नऊ वर्षांपलीकडे जात नाही. अमेरिकेत ॲराबिडॉप्सिस या वनस्पतीच्या माहितीचा जगभर वापरला जाणारा संग्रह सरकारी अनुदान थांबल्यावर वर्गणीवर चालू लागला. वर्गणीवर चालणाऱ्या गोष्टींचे काय होते, हे दिवाळी अंकांच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

यंत्र आले, आता काय?

बहिणीचा दुसरा मुद्दा होता, "हे सगळे आता एआय करील." २०२० साली 'अल्फाफोल्ड'ने प्रथिनाच्या अक्षरांवरून त्याच्या घडीचा अंदाज थक्क करणाऱ्या अचूकतेने बांधून दाखवला. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हासाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाले. मुद्दा खोटा नाही. ठरावीक आकडे ठरावीक आज्ञावलीतून काढून देणे, एवढेच ज्याचे काम आहे, त्याची जागा धोक्यात आहे.

पण हे यंत्र शिकले कशावर? १९७१ साली सात रचनांनी सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेवर. पन्नास वर्षे जगभरच्या लोकांनी तिच्यात रचना जमा केल्या आणि पडद्याआडच्या माणसांनी त्या तपासून, एका नमुन्यात बसवून ठेवल्या. त्या कारकुनीशिवाय हे नोबेल नव्हते. जो प्रश्न विचारतो आणि ज्याला आकड्यांतली खोट दिसते, तो माणूस यापुढेही लागेलच. माझ्या अकरा पोथ्यांचे चुकीचे झाड यंत्राने बिनतक्रार काढून दिले होते. ते चुकीचे आहे, हे पोथ्या हाताळलेल्या माणसाला कळले.

भाचीला काय सांगितले

होय किंवा नाही असे उत्तर मी दिले नाही. जागा घेण्यापूर्वी विचारायचे पाच प्रश्न लिहून दिले. अनुदान कोणत्या तारखेला संपते आणि त्यातले किती महिने आधीच गेले आहेत? प्रयोगशाळेत संगणकाचे काम करणारे दुसरे कुणी आहे, की तू एकटीच? निबंधात नाव कुठे येईल, हे आधी बोलले जाईल का? लिहिलेली आज्ञावली तुझ्या नावाने खुली करता येईल का? आणि आठवड्यातला एक दिवस तुझ्या स्वतःच्या प्रश्नासाठी मिळेल का?

शिवाय एक गोष्ट तोंडी सांगितली. या शास्त्रात एक औदार्य आहे, ते इतरत्र क्वचित दिसते. १९९६ साली बर्म्युडात मानवी जनुकसंचावर काम करणाऱ्यांनी ठरवले, की वाचलेली अक्षरे चोवीस तासांत सर्वांसाठी खुली करायची. त्यामुळे आज जेनबँकेतली माहिती हार्वर्डच्या प्राध्यापकाला जशी मिळते, तशीच माझ्यासारख्या बी.कॉम.लाही मिळते. जिम केंट अनेक वर्षे संगणक-ॲनिमेशनच्या आज्ञावल्या लिहून मग जीवशास्त्र शिकायला गेले. २००० साली, विद्यार्थी असतानाच, त्यांनी काही आठवड्यांत लिहिलेल्या आज्ञावलीने मानवी जनुकसंचाचा पहिला खुला आराखडा जुळवला. नोकरी नसतानाही हातात प्रश्न ठेवता येतो. पण म्हणून नोकरी न देण्याचे कारण म्हणून कुणी हे वापरू नये, एवढेच.

भाचीने पाचही प्रश्न विचारले. तीन उत्तरे बरी आली, एक टाळले गेले, आणि नावाच्या प्रश्नावर त्या प्राध्यापिका थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मला आजवर कुणी विचारले नव्हते. लिहूनच ठेवू." भाची रुजू झाली. अनुदान पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये संपते. यंदाच्या भाऊबीजेला ती येईल तेव्हा बहीण पुन्हा बँकेचा विषय काढील, आणि या खेपेला मी तिला अगदीच चूक म्हणणार नाही.