बँटम आणि मोठ्या कोंबड्या : एका खुराड्यात कशा नांदतील?



घरामागे चार कोंबड्या पाळाव्यात असा विचार आपल्यापैकी अनेकांच्या मनात येऊन जातो. गावाकडे अंगणात फिरणाऱ्या गावठी कोंबड्या पाहिलेल्या असतात, ताज्या अंड्यांची चव आठवत असते. मग इथल्या हॅचरीची यादी उघडली की मोठी माणसे भरपूर अंडी देणाऱ्या जाती निवडतात आणि मुले मऊ केसाळ पिसांच्या इवल्याशा सिल्कीवर अडून बसतात. शेवटी दोन्ही घरी येतात. या दोघी एकत्र राहतात का? राहतात, पण आपोआप नाही. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे कुठलीही सिस्टीम बिघडण्याआधी ती कुठे बिघडेल ते शोधायची सवय आहे. त्याच पद्धतीने हे टिपण.

आधी नियम बघा

कॅनडात प्रत्येक शहराचा नियम वेगळा आहे. व्हँकुव्हरने २०१० साली परवानगी दिली. तिथे जास्तीत जास्त ४ कोंबड्या ठेवता येतात, कोंबडा चालत नाही, नोंदणी करावी लागते आणि अंडी विकता येत नाहीत. टोरांटोने २०१८ मध्ये शहराच्या काही भागांत प्रायोगिक योजना सुरू केली होती, पण ती पुढे बंद झाली. कॅलगरीत २०२२ पासून लायसन्स मिळते. तेव्हा खुराड्याची फळी कापण्याआधी आपल्या नगरपालिकेचा बायलॉ वाचा. एक गोष्ट लक्षात ठेवा, नियम डोकी मोजतो, वजन नाही. बँटमही चारातली एक धरली जाते.

बँटम म्हणजे काय?

जावा बेटावरच्या बांतेन या जुन्या बंदराच्या नावावरून हा शब्द आला. बहुतेक बँटम म्हणजे मोठ्या जातीचीच छोटी आवृत्ती. काही जाती मात्र (उदा. सेब्राइट) मुळातच बुटक्या, त्यांची मोठी आवृत्ती नसते. प्लिमथ रॉकची कोंबडी सव्वातीन-साडेतीन किलोपर्यंत भरते, तर बँटम साधारण पाऊण किलोची. म्हणजे चौपट फरक! कॅनडात 'लार्ज' अंडे म्हणजे किमान ५६ ग्रॅम. बँटमचे अंडे बहुधा ४२ ग्रॅमच्या आतले, म्हणजे 'पीवी' वर्गातले. आम्लेटला एकाऐवजी दोन फोडायची!

टोचण्याची उतरंड

कोंबड्यांमध्ये कोण कोणाला टोचणार याचा क्रम ठरलेला असतो. नॉर्वेच्या शेल्डरुप-एबे यांनी १९२१ च्या सुमारास हे शास्त्रीय पद्धतीने मांडले. हा क्रम फक्त आकारावर ठरत नाही. एखादी तिखट स्वभावाची बँटम तिप्पट वजनाच्या कोंबडीला हाकलते. पण सिल्कीसारखी शांत जात मार खाते. तिच्या डोळ्यांवर तुरा येतो, त्यामुळे मागून येणारी चोच तिला दिसतच नाही. तुऱ्याची पिसे डोळ्यांसमोरून थोडी कापली तरी बराच फरक पडतो. सोबतीला मोठी जात निवडताना ऑर्पिंग्टन, कोचिन अशा मवाळ जाती बऱ्या.

एकत्र आणताना

१. नवीन पक्षी ३० दिवस पूर्ण वेगळे ठेवा. रोग असेल तर तेवढ्यात दिसतो.
२. मग एक-दोन आठवडे मध्ये जाळी ठेवून शेजारी ठेवा. एकमेकींना बघू द्या, टोचू देऊ नका.
३. बँटम कधीही एकटी आणू नका, किमान दोन आणा. चारची मर्यादा असेल तर दोन मोठ्या, दोन बँटम हा हिशोब चांगला.
४. दाणा आणि पाणी दोन ठिकाणी ठेवा. एकच भांडे असेल तर दांडगी कोंबडी तिथे पहारा देते आणि धाकटी उपाशी राहते.
५. भांड्याची कड बँटमच्या पाठीच्या उंचीला हवी. मोठीला वाकता येते, बुटकीला उंच होता येत नाही.
६. बँटम छान उडते, तिला उंच दांडी द्या. जड कोंबडीला खालची दांडी हवी, कारण उंचावरून उडी मारून पायाला इजा होते आणि तळवा सुजतो.
७. जखम झालेली कोंबडी लगेच वेगळी काढा. रक्त दिसले की बाकीच्या थांबत नाहीत.

खाद्य दोघींना एकच चालते. लेयर फीड (सुमारे १६ टक्के प्रथिने) आणि वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा. स्वयंपाकघरातले उरलेसुरले थोडेच द्या. कच्चा राजमा आणि अव्होकाडोची साल अजिबात नको.

खरी परीक्षा हिवाळ्याची

उन्हाळ्यात मार खाणारी बँटम पळून झुडपात लपते. जानेवारीत सगळ्या दिवसभर आत असतात, पळायला जागा नसते आणि भांडणे वाढतात. व्हँकुव्हरचा नियम दर कोंबडीमागे खुराड्यात ०.३७ चौ.मी. आणि बाहेरच्या जाळीत ०.९२ चौ.मी. जागा मागतो. मिश्र कळपाला आणि कडक थंडीच्या भागात याहून जास्तच ठेवा. आडोशाला एखादी फळी किंवा गवताची पेंढी उभी करा, म्हणजे धाकटीला नजरेआड होता येते.

लहान शरीराची उष्णता लवकर जाते, म्हणून बँटमला थंडी जास्त बाधते. सिल्कीची पिसे पाणीही अडवत नाहीत. खुराडे कोरडे हवे आणि वरच्या बाजूने हवा खेळती हवी, कारण दमटपणाने तुरे गारठून काळे पडतात. हीट लॅम्पने आगी लागतात, तो टाळा. क्वेबेकमधल्या ओका मठातील ब्रदर विल्फ्रिड यांनी १९०८ पासून प्रयत्न करून शाँतेक्लेर ही कॅनडाची स्वतःची जात तयार केली. तिचा तुरा अगदी छोटा आहे, तो या थंडीसाठीच. तिचे बँटम रूपही आहे.

शत्रू आणि रोग

रॅकून साधी कोंबडीची जाळी फाडतो. अर्ध्या इंचाची जाड वेल्डेड जाळीच लावा. ससाण्याला बँटम सहज उचलता येते, त्यामुळे वरूनही जाळी हवी. डिसेंबर २०२१ पासून एच५एन१ बर्ड फ्लू कॅनडात आला आहे. दाणापाणी रानपक्ष्यांपासून झाकून ठेवा, खुराड्यात जायचे बूट वेगळे ठेवा. संशय आल्यास कॅनेडियन फूड इन्स्पेक्शन एजन्सीला कळवणे बंधनकारक आहे. मुलांना हात धुवायची सवय लावा.

मग पाळाव्यात का?

अंडीच हवी असतील तर चारही मोठ्या घ्या. मुलांना पक्ष्याचा लळा लागावा असे वाटत असेल तर दोन बँटम जरूर घ्या, पण हिवाळ्याचा विचार आधी करा. आणि दुसरी छोटी पेटी तयार ठेवा. नाहीच पटले तर वेगळी चूल मांडून देता आली पाहिजे!

आपले अनुभव जरूर कळवा.